अकरा वेळा ‘प्राणी’

“पण कुत्र्यानं वाजणार नाही ना?” गोदामाच्या मालकिणीने चौथ्यांदा विचारले.

“नाही हो ताई. हा सेन्सर अंगाची ऊब बघतो. उंच ऊब दिसली की माणूस, मग घंटा. जमिनीलगत दिसली की प्राणी, त्याची नुसती नोंद.” सेन्सर बसवणे हा माझा धंदा. झोपेतून उठवले तरी मी हे घडाघडा म्हणून दाखवीन.

तेवढ्यात फोन थरथरला. ‘प्राणी.’ हा आमच्या घरचा सेन्सर. आई हल्ली विसरते. दुपारी एकटी कुठे निघून जाऊ नये म्हणून मीच तो मागच्या दाराशी बसवला होता.

“हे बघा,” मी फुशारकीने फोन पुढे केला. “घरी आई आणि मांजर, दोघीच. ही मांजर.”

फोन पुन्हा थरथरला. मग पुन्हा.

“दमत नाही वाटतं तुमची मांजर!” मालकीण हसली. मीही हसलो.

अकरा नोंदी झाल्या आणि बायकोचा फोन आला. “अहो, मांजरीला सुई टोचून झाली. निघते आता.”

“मांजर तुझ्याकडे आहे?”

“मग कुणाकडे असणार? सकाळी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं!”

मला काही कळेना. मग घरात फिरतेय कोण? हत्यारे तिथेच टाकून मी घर गाठले.

आई मागच्या दाराशी फरशीवर पडली होती. न्हाणीघरात पाय घसरला होता. हाक बाहेर ऐकू जावी म्हणून ती रांगत, थांबत, पुन्हा रांगत तिथवर आली होती. गुडघे सोलले होते. मी तिला खुर्चीत बसवले, पाणी पाजले.

“किती हाका मारल्या रे,” ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिच्याकडे बघवेना, म्हणून सेन्सरकडे बघत राहिलो. कोन बरोबर होता, उंचीही बरोबर होती. मग चुकले कुठे? काही सुचेना, तेव्हा मी दोन्ही हात फरशीवर टेकले आणि दारासमोरून रांगत गेलो. फोन थरथरला. ‘प्राणी.’ उलटा फिरून पुन्हा रांगलो. पुन्हा तेच.

आई खुर्चीतून वाकून बघत होती.

“काय हरवलं रे?” तिने विचारले. “थांब, मीपण शोधते.”

आणि खुर्चीचा हात धरून ती सोललेल्या गुडघ्यांनिशी खाली उतरू लागली.