स्क्रीनबाहेर राहिलेला रकाना

मी एक तक्ता आहे, मित्रांनो. तुमच्या वर्गाच्या भिंतीवर टांगलेला असतो तसला नव्हे. मी एका वेबपानावर राहतो. वय फार नाही माझं, पण इंटरनेटवर म्हातारपण लवकर येतं. मला कागद नाही, खिळा नाही आणि तोंडही नाही. तोंड असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

माझा जन्म जयपूरच्या दुर्गापुऱ्यात झाला. रेल्वेत बदली होऊन आलेली बरीच मराठी घरं तिथं आहेत. त्यांच्यात कुणी गावी निघालं की बाकीच्यांच्या पिशव्याही त्याच्याबरोबर निघतात. जाताना इथली रजई, येताना तिकडचा काळा मसाला. सामान घरी नेऊन द्यायचं नाही, गाडीच्या वेळी स्टेशनावर जाऊन हातात द्यायचं, म्हणजे निरोपही होतो. कोण कधी निघालंय ते सगळ्यांना कळावं म्हणून गौतमीनं मला बनवलं. ही रेल्वेतल्या भगवानकाकांची मुलगी. शहरातल्याच सोडाला भागातल्या एका क्लासात ती वेबपानं बनवायला शिकत होती.

काय नटवलं होतं तिनं मला! एकाआड एक गुलाबी ओळी, जाड रेघा, मथळ्यावर जयपूरजवळच्या बगरू गावच्या कापडावर असते तशी छापील वेलबुट्टी. नाव, फोटो, गाव, तारीख, वेळ, डबा, सामानाला जागा. ज्यानं जे सुचवलं तो रकाना तिनं वाढवला. गाडी कुठल्या स्टेशनावर गाठायची, हा रकाना बिचारा सगळ्यात शेवटी गेला. सगळे जवळच्या दुर्गापुरा स्टेशनावरच तर जायचे, त्यात काय बघायचं! फोनवर मी मावेनासा झालो, तर बोटानं आडवा सरकवता येईल अशी तिनं सोय केली. पण ती सोय दाखवणारी खालची पट्टी तिला कुरूप वाटली, म्हणून लपवून टाकली. लोकांच्या फोनवर उघडून बघ, असं क्लासातल्या सरांनी सांगितलं होतं. बघते म्हणाली आणि राहून गेलं.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मला मोठ्या पडद्यावर दाखवलं, तेव्हा टाळ्या पडल्या. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू? पण पडद्यावर मला कोण वाचणार होतं? मला वाचायचे ते फोनवर, एका हातात पोळीचं पीठ असताना.

गौतमीच्या शेजारच्या स्वप्नाताईंच्या भावाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. बारसं अकोल्याला होतं. नवऱ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ताईंना जाता येईना. आत्याच नाही बारशाला, म्हणून रडल्या. मग बगरूचं मऊ कापड आणून त्यांनी बाळासाठी कुंची शिवली. मी नाही तर माझी कुंची तरी बाळाच्या डोक्यावर असेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. आमच्यातलेच एक अरुणकाका बारशाच्या आदल्याच दिवशी अकोल्याला निघणार होते. त्यांनी माझ्यात आपली ओळ नीट भरली होती. त्यांची गाडी दुर्गापुऱ्याला थांबत नव्हती, म्हणून शेवटच्या रकान्यात त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं, 'जयपूर जंक्शन'.

ताई पिशवी घेऊन दुर्गापुऱ्याच्या फलाटावर उभ्या राहिल्या. मी त्यांच्या हातातच उघडा होतो. तारीख बरोबर, डबा बरोबर. त्या मला वर सरकवत होत्या, खाली सरकवत होत्या. अहो ताई, बाजूला! एकदा बाजूला सरकवा ना! मी आतल्या आत जीव तोडून ओरडत होतो. 'जयपूर जंक्शन' माझ्याजवळच होतं, त्यांच्या अंगठ्यापासून बोटभर पलीकडे, काचेच्या काठाबाहेर.

गाडी आली आणि न थांबता गेली. दारात उभ्या अरुणकाकांनी त्यांना पाहिलं, हात पुढे केला, पण डबा तोवर पुढे निघून गेला होता. ताई रिकाम्या रुळांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मला बंद केलं.

बारसं त्यांनी फोनवर पाहिलं. बाळाच्या डोक्यावर बाजारातली कुंची होती. संध्याकाळी त्या गौतमीकडे आल्या. रागावल्या नाहीत, नुसता फोन पुढे केला आणि म्हणाल्या, "कुठं लिहिलंय गं, मला दाखव."

गौतमीनं मला बोटानं आडवं सरकवलं. दोघींनी ते दोन शब्द वाचले.

"ताई, मतलब... मला वाटलं, सगळ्यांना कळतं."

"मला नाही कळलं, गौतमी."

गौतमी तिथंच रडली. मग स्वप्नाताईंचाच फोन मागून समोर ठेवला आणि त्यात बघत बघत तिनं माझी वेलबुट्टी पुसली, रंग उतरवले, निम्मे रकाने काढून टाकले. आता फोनवर मी आडवा पसरतच नाही. प्रत्येक माणसाची माहिती एकाखाली एक येते आणि नावाखाली पहिल्यांदा स्टेशन. काही बदललं की ती आधी ताईंच्या हातात देते आणि गप्प बसून बघते, त्यांचं बोट कुठं अडतं.

आता टाळ्या कुणी वाजवत नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. मित्रांनो, तुम्हीही कधीतरी माझ्यासारखा एखादा तक्ता बनवाल. त्याला हवं तेवढं सजवा, पण आधी तो ज्यानं वाचायचा त्याच्या हातात द्या. आमच्या पोटात सगळं असतं हो, पण हाक मारून सांगता येत नाही.

कुंची पुढच्या खेपेला गेली, योग्य स्टेशनावरून, योग्य गाडीनं. तोवर बाळाचं डोकं मोठं झालं होतं.