वर्षाचं पहिलं पाऊल

पानात बांधून उकडलेल्या, सुरीनं कापलेल्या चौकोनी भाताच्या कडेला हिरवा रंग होता — फार तर तीन मिलिमीटर, मग फिकट होत होत मध्याशी, मुगाच्या पिवळ्या डाळीजवळ, पूर्ण पांढरा. रात्रभर उकळूनही पानाचा रंग एवढाच आत उतरतो... अंजना ताटलीकडे बघत राहिली.

भात काल शेजारच्या लाननं आणून दिला होता, आणि दारातच ती अवघडून म्हणाली होती, "उद्या आमचं व्हिएतनामी नवीन वर्ष. पण उद्या तू येऊ नकोस हं. तुझ्या नवऱ्याला अजून वर्ष नाही झालं... दुखवट्यातलं माणूस पहिल्या दिवशी कुणाकडे जात नाही. नंतर ये, मुलीला घेऊन. रागावलीस?"

"नाही गं."

लागलं होतंच. असलं काही मानायचं नाही असं ठरवलेल्या नागपूरच्या सासरघरातही, गेल्या उन्हाळ्यात, नात्यातल्या एका लग्नात फोटोच्या वेळी कुणीतरी तिला हलकेच मागे सारलं होतं — प्रेमानं, खांद्याला धरून.

पण लान तशीच उभी होती. "वर्षाचं पहिलं पाऊल ज्याचं, तसं त्या घराचं वर्ष. माझे वडील गेले त्या साली आमच्या दुखवट्याच्या घरी कोण येणार? मग आईच बाहेर गेली, दार लावून घेतलं आणि पाहुण्यासारखी पुन्हा आत आली. म्हणाली, घ्या, आले पाहुणे, चहा टाका!"

आज नागपूरहून दिगंबरदादांचा फोन येणार. गेलेल्या प्रल्हादचे मोठे भाऊ, लेक उपासनाचे मोठेबाबा. "अंजना, वरची खोली तुम्हा दोघींसाठी रंगवून घेतली. आता इकडेच राहायला या. मार्चची तिकिटं काढू ना?" आणि तिचं नेहमीचं — "बघते, दादा." ते चांगले आहेत, म्हणून तर जड जातं. त्या खोलीत ती प्रल्हादची बायको असेल, जन्मभर, सगळ्यांच्या मायेत... आणि इथं परदेशात, सनीव्हेलला, लॅबमध्ये, बिघडलेली चिप पुढे ठेवून माणसं विचारतात, व्हॉट डू यू थिंक, अंजना? — आणि मला काय वाटतं ते मला माहीत असतं.

उपासना टीव्हीसमोर होती. अंजनानं चपला घातल्या, बाहेर आली, दार ओढून घेतलं. एका प्रयोगानं काय सिद्ध होतं, तुलनेला दुसरं दार कुठाय — मन सवयीनं म्हणालं. लानकडून मुलांचा गलका येत होता. आपलं दार असं बाहेरून, थांबून, तिनं कधी पाहिलंच नव्हतं. प्रल्हादनं लावलेला घराचा नंबर जरासा तिरका होता. दुःख बाहेर ठेवून आत जाता येणार नव्हतं... पण ते बरोबर घेऊनही जाता येईल, हे तिला आत्ता, इथं, पहिल्यांदाच वाटलं.

तिनं बेल दाबली.

"हू इज इट?" विचारल्याशिवाय उघडायचं नाही, हे तिनंच शिकवलेलं.

"मी."

"आई? व्हाय आर यू आउटसाइड?"

"सांगते. आधी ऐक, उपासना —" ती दाराशी वाकली. "मोठेबाबांना मी आज सांगणार आहे. आपण नागपूरला जात नाही. आपण इथंच राहतोय."