पाचव्या खिडकीचं माप

एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या दुकानात पडदे आणि ब्लाइंड्स विकल्यावर मापताईंनी एक दिवस मालकाच्या टेबलावर किल्ल्या ठेवल्या आणि स्वतःचं काम सुरू केलं. भांडणतंटा काही नव्हता. मालकाचा एकच मंत्र होता, "गिऱ्हाईक बोट दाखवेल ते कापून द्या," आणि मापताईंना तो मंत्र काही केल्या पचत नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक रंग बघतं. खिडकीला कुठून ऊन येतं ते बघायला माणूस लागतो. गळ्यात टेप, कमरेला पिशवी आणि बोलणं रोखठोक. 'मापताई' हे नाव दुकानातल्याच लोकांनी पाडलं होतं आणि दुकान सुटलं तरी ते सोबत आलं.

पहिलं काम फोनवरून आलं. फोन करणारा तिशीतला तरुण घरी बसूनच संगणकावर नोकरी करणारा होता.

"पाच खिडक्या आहेत, ताई. सगळीकडे एकच, करड्या रंगाचे, गुंडाळायचे रोलर ब्लाइंड. मापं मी घेऊन ठेवलीत. तुम्ही फक्त यायचं आणि बसवायचं."

"येते की," मापताई म्हणाल्या. "पण माझी टेप घेऊन येते."

तिसऱ्या मजल्यावरचं, कोपऱ्यातलं घर. दार त्या तरुणानेच उघडलं. एका हातात कागद, दुसऱ्या हातावर सव्वा वर्षाची मुलगी. मुलीने मापताईंना पाहिलं, टेप पाहिली आणि टेपच पसंत करून तिचं टोक तोंडात घातलं.

कागदावर प्रत्येक खिडकीची एक रुंदी आणि एक उंची लिहिली होती, अगदी सुवाच्य. मापताई त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. त्यांनी खिडकीची रुंदी वर घेतली, मध्ये घेतली, खाली घेतली आणि तिन्ही आकडे त्याच्याच कागदावर लिहिले. वरच्या आणि खालच्या मापात जवळजवळ एका सेंटिमीटरचा फरक होता.

"तुम्ही वरचं माप घेतलंत. त्या मापाने केलं असतं, तर ब्लाइंड वर ऐटीत बसलं असतं आणि खाली येताना अडकलं असतं. घशात घास अडकतो ना, तसं."

"खिडकी वाकडी आहे?"

"सगळ्याच असतात. कुणाची कमी, कुणाची जास्त. आणि इथं शेगडी खिडकीला लागून आहे. फोडणीचा वास आणि तेलकट धूर कापड पिऊन टाकतं. इथं कापड नकोच. पुसता येतील अशा पट्ट्या लावू."

"पण मला सगळीकडे एकच हवंय," तो म्हणाला. त्याने कुठल्या तरी वरच्या साहेबांच्या घरी तसं पाहिलं होतं. एका रंगाचं, एका जातीचं, कसं नीटनेटकं. "बाहेरून बघितलं की सगळं एकसारखं दिसायला पाहिजे."

"बाहेर कोण राहतं तुमचं?"

त्याला राग आला की हसू, हे त्यालाही पटकन कळलं नसावं.

झोपायच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तो कुजबुजला, "बायको आत झोपलीये. नर्स आहे, रात्रपाळी करून आलीये."

"झोपलेली नाही," आतून आवाज आला. "झोपायचा प्रयत्न करतेय. या आत."

खिडकीच्या काचेवर खोक्याचा पुठ्ठा चिकटवलेला होता. चारी बाजूंनी उजेडाची चौकट तयार झाली होती, आणि त्या चौकटीखाली ती घरची सूनबाई डोळ्यांवर टॉवेल घेऊन आडवी पडली होती. मापताईंनी एका नजरेत सगळं टिपलं.

"तुम्हाला काय हवंय?"

"रात्र," सूनबाई टॉवेल न काढता म्हणाली. "दुपारी बाराची रात्र. देता येईल?"

"येईल. पण यांच्या करड्या रोलरने नाही." मापताईंनी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं. "चौकटीच्या आत बसवलेल्या रोलरच्या दोन्ही बाजूंना बोटभर फट राहते. झोपणाऱ्याला तेवढा उजेड नेमका पापणीत सापडतो. इथं चौकटीच्या बाहेर, भिंतीवर बसवायचं. चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे, जाड काळोखी कापड आणि कडेला खाचेच्या पट्ट्या. आणि दोरी कुठल्याच खोलीत नको. लहान मूल आहे घरात. लोंबती दोरी म्हणजे गळ्याशी खेळ."

सूनबाईने आता टॉवेल काढला आणि उठून बसली. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "ह्या म्हणतील तसं कर."

घरधन्याला ते लागलं. दिवाणखान्यात येऊन तो म्हणाला, "ताई, मी पाच सारख्या खिडक्यांचं काम सांगितलं होतं. तुम्हाला जमत नसेल तर मी दुसरं कुणी बघतो."

आपलं पहिलंच काम हातातून निसटतंय हे मापताईंना दिसत होतं. पण एकोणीस वर्षं मान डोलावून त्यांची मान दुखायला लागली होती. त्यांनी नमुन्यांच्या वहीतून त्याला आवडलेलं करडं कापड काढलं आणि त्याच्या कामाच्या टेबलामागच्या खिडकीवर, डोक्याच्या उंचीला, चिकटपट्टीने लावलं.

"बघा की दुसरं कुणी. फक्त आज चार वाजता इथं बसून काम करा. ही खिडकी पश्चिमेची आहे. मग ठरवा."

निघताना त्या पाचव्या खोलीत डोकावल्या. तिथं घरधन्याचे वडील राहत. पस्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, ताठ पाठीचे, सकाळी दाढी करून तयार बसणारे. घरात बसूनही डोक्यावर नोकरीतली जुनी टोपी होती.

"बाबांना नोकरीचं फार प्रेम," मुलगा म्हणाला. "घरातसुद्धा टोपी सोडत नाहीत."

मापताईंनी पाहिलं. खोली पूर्वेची, ऊन थेट आत. म्हाताऱ्याने खुर्ची खिडकीला अर्धी पाठ करून ठेवली होती, आणि टोपीचा पुढचा काठ ज्या बाजूने ऊन येत होतं त्या बाजूला ओढलेला होता. प्रेमाने घातलेली टोपी सरळ असते.

"मला काही नको," म्हातारा म्हणाला. "उघडी खिडकी बरी. रस्ता दिसतो."

"निदान रंग तरी बघा, काका." त्यांनी वही उघडून समोर धरली. पानावर फिकट पिवळा तुकडा होता.

त्याने वही नाकाजवळ नेली, लांब धरली आणि रुबाबात म्हणाला, "करडा ना? छान आहे."

मुलगा तेवढ्यात लेकीच्या तोंडातून टेप सोडवत होता. त्याने ऐकलं नाही. मापताई वही मिटून जिना उतरल्या.

साडेचारला फोन वाजला.

"ताई," घरधनी म्हणाला, "त्या तुमच्या तुकड्यातून सूर्य असा आत येतोय जसा काही तो घरचाच आहे. अर्धा तास झाला, मला संगणकाच्या पडद्यावर माझंच डोकं दिसतंय. उद्या या."

"येते. आणि बाहेरून सगळं एकसारखं दिसेल. मागची बाजू सगळीकडे पांढरीच देते मी. रस्त्यावरच्या माणसाने कुठूनही बघितलं, तरी खिडकी पांढरीच दिसेल. झालं समाधान?"

"हे तुम्ही सकाळीच का नाही सांगितलंत?"

"सकाळी तुम्ही ऐकत नव्हता."

दुसऱ्या दिवशी चार खिडक्यांचं सगळं ठरलं. दिवाणखान्याला दाट विणीचं कापड, झोपायच्या खोलीला काळोखी, स्वयंपाकघराला पट्ट्या, न्हाणीघराला पाण्याने न कुजणारं आणि खालून वर सरकणारं, म्हणजे आब राहतो आणि आभाळही दिसतं. मग टेप आणि शिडी घेऊन मापताई म्हाताऱ्याच्या खोलीत गेल्या. मुलगा फोनवर होता, सूनबाई झोपलेली. दोघंच होते.

त्यांनी शिडी भिंतीला टेकवली, पण चढल्या नाहीत.

"काका, काल मी दाखवलेला रंग पिवळा होता."

म्हाताऱ्याने रस्त्याकडे तोंड फिरवलं. मग हसला.

"ब्लाइंड म्हणता ना तुम्ही याला? म्हणजे आंधळा. खिडकीलाही ब्लाइंड आणि आत बसणाराही ब्लाइंड. जोडी शोभेल."

"किती दिवस झाले?"

"वर्ष होत आलं. आधी दिव्यांभोवती कडी दिसायची. आता सकाळी ऊन आलं की दूध सांडल्यासारखं सगळं पांढरं होतं. समोरून येणारा माणूस की खांब, ते तो चालायला लागला की कळतं."

"घरी बोलला नाहीत?"

"नात आहे," तो म्हणाला. "रोज संध्याकाळी तिला खाली नेतो. बोललो असतो तर दुसऱ्या दिवसापासून बंद. आयुष्यभर साठ-साठ माणसं पाठीमागे बसवली मी, बाई. आता एक पोरगी विश्वासाने कडेवर बसते, तीही काढून घेतील."

"मग खाली नेता कसे?"

"पायऱ्या मोजतो. अठरा, अठरा, अठरा. शेवटची जरा उंच आहे."

मापताईंनी आवाज जागच्या जागी ठेवला.

"काका, मी या खिडकीचं माप आज घेणार नाही. काळोखी कापड लावून मी तुमचा त्रास लपवून टाकू शकते, चुटकीसरशी. ऊन नाही, पांढरं नाही, तुम्हीही खूश. पण ते पाप मी नाही घेणार. आधी डोळे दाखवा, मग रंग निवडा. मी तुमच्या घरात चुगली करणार नाही. पण ही खिडकी का सोडली, असं तुमचा मुलगा विचारेल, तेव्हा खोटंही बोलणार नाही. 'काकांना विचारा' म्हणेन."

"दमदाटी करता होय?"

"हो."

म्हाताऱ्याने टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. "म्हणजे पोरीला खाली नेणं आजपासून बंद?"

"डॉक्टरकडे जाऊन येईपर्यंत. नंतर न्या, खांद्यावर बसवून न्या."

मुलाने खरोखर विचारलं. मापताई खिडकी सोडून दिवाणखान्यात येऊन सामान आवरू लागल्या, तर तो म्हणाला, "बाबांचं माप राहिलं ना?" मापताई म्हणाल्या, "काकांना विचारा." तो आत गेला. थोड्या वेळाने सूनबाईला हाक मारल्याचा आवाज आला, आणि ती विस्कटलेल्या केसांनी धावतच गेली. दार उघडंच होतं. सूनबाई सासऱ्याच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसून त्याच्या डोळ्यांत बघत होती.

"रोज चाळीस माणसांची नाडी बघते मी, बाबा," ती म्हणत होती. "आणि घरातल्या माणसाचे डोळे मला दिसले नाहीत."

"तू झोपेत असायचीस, पोरी," म्हातारा म्हणाला. "आणि मी वस्ताद आहे."

रडू येत असतानाच तिला हसू फुटलं. मुलगा मात्र दारातच उभा राहिला. एवढ्या सुवाच्य अक्षरात घराची मापं घेणारा माणूस. आपल्या मापातून काय सुटलं हे त्याला आता कळत होतं. मापताईंनी शिडी उचलली आणि जाताना घराचं दार हळूच ओढून घेतलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, तोही पिकलेला. आधी एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, महिन्याभराने दुसऱ्याची. मधल्या काळात मापताईंनी चारही ब्लाइंड्स बसवली. झोपायच्या खोलीतलं बसवलं त्या दिवशी सूनबाई भर दुपारी इतकी गाढ झोपली, की नवरा दोनदा जाऊन श्वास चालू आहे ना ते बघून आला. दिवाणखान्यातल्या टेबलावर बसून तो चार वाजताचं ऊन ऐटीत बाहेर ठेवू लागला. भेटेल त्याला सांगू लागला, की प्रत्येक खोलीला वेगळं ब्लाइंड हवं ही कल्पना मुळात त्याचीच. त्याच्या सांगण्यावरून मापताईंना आणखी तीन घरांची कामं मिळाली, त्यामुळे त्यांनी ती कल्पना त्याला देऊन टाकली.

पुढे दोन महिन्यांनी म्हाताऱ्याने स्वतः फोन केला. "माप घ्यायला या. माझं मी निवडणार आहे."

मापताई गेल्या. टोपी खुंटीला टांगलेली होती. खुर्ची आता खिडकीकडे तोंड करून ठेवलेली होती. म्हाताऱ्याने नमुन्यांची वही मांडीवर घेतली आणि पानं अशी उलटली, जसा एखादा उपाशी माणूस जेवणाची यादी वाचतो. प्रत्येक रंगाचं नाव मोठ्याने म्हणायचं, मग दुसरा, मग परत पहिला. नात बाजूला उभी राहून प्रत्येक पानावर थाप मारत होती.

"याला काय म्हणता? हा मातीचा नाही, विटेचाही नाही."

"वाळूचा."

"वाळूचा," त्याने चव घेतल्यासारखं म्हटलं. "मला पट्ट्या द्या. वर तिरप्या केल्या की ऊन छताला जातं, आणि सपाट केल्या की रस्ता दिसतो. बरोबर ना?"

"बरोबर. कुठे शिकलात?"

"स्वयंपाकघरातल्या बघतोय रोज. महिनाभर दुसरं काम काय होतं?"

आठवड्याने पट्ट्या तयार होऊन आल्या. मापताईंनी भोकं पाडली, स्क्रू आवळले, पट्ट्या चढवल्या आणि उतरून चार पावलं मागे आल्या. काम चोख झालं होतं. आपलं काम चोख झालं की त्यांना कुणी सांगावं लागत नसे.

म्हातारा खुर्चीतून उठला, दाराशी गेला, एक डोळा मिटला, मग दुसरा.

"डावी बाजू खाली आहे."

"नाही, काका. पाणपातळी लावून बघितलीये मी."

"एक सूतभर. खाली आहे म्हणतो ना मी."

मापताई जरा चिडूनच शिडीवर चढल्या आणि पातळी पुन्हा लावली. नळीतला बुडबुडा मधल्या रेषेच्या केसभर बाजूला जाऊन थांबला. स्क्रू आवळताना पट्टी सरकली होती. त्यांनी पिशवीतून पेचकस काढला.

"सांगा मग," त्या म्हणाल्या. "कुठवर घेऊ?"

म्हाताऱ्याने नातीला कडेवर घेतलं, दारात पाय रोवून उभा राहिला आणि बस मागे घेताना इशारा देतात तसा मोकळा हात हवेत हलवायला लागला.

"येऊ द्या... येऊ द्या... अजून जरा... हं, बस्स!"