मैनाबाईंच्या मापाचं कडं

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कडं आहे. कडं म्हटलं की तुम्हाला मनगट आठवेल, पण मला कुणी कधी हातात घातलं नाही. माझ्यातून मासे जायचे. सकाळचं कोवळं ऊन, हिरवट पाणी, त्या पाण्यात उलटी हलणारी एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी आणि माझ्यातून सुळकन निसटून त्या धुराड्यांमध्ये शिरलेलं एखादं रुपेरी पिल्लू. ते सगळं मला अजूनही दिसतं. डोळे मिटायची सोय नाही, कारण मी अख्खंच एक उघडा डोळा आहे.

माझा जन्म नाशिकच्या भांडीबाजारातला. आमच्या बंधाऱ्यावरच्या मच्छीमारांनी सोसायटी काढली आणि ठरवलं, की लहान मासा धरायचा नाही. पण लहान म्हणजे केवढा? यावर बैठकांमागून बैठका भांडणात गेल्या. शेवटी मच्छीमारांपैकीच एक असलेल्या राखणदार कारभारीनानांनी आपल्या बायकोची, मैनाबाईंची, काचेची बांगडी सगळ्यांपुढे ठेवली. हिच्यातून जो मासा पार जाईल तो लहान, त्याला परत पाण्यात सोडायचं. काच फुटेल म्हणून त्याच मापाचं पितळी कडं घडवून घेतलं. तेच मी.

नियमही तेव्हाच झाले. मासे अंड्यावर असतात त्या पावसाळी महिन्यांत जाळं टाकायचंच नाही. एरवी कुणाच्या टोपलीत लहान मासे सापडले, तर पहिल्या खेपेला जाळं जप्त आणि दुसऱ्या खेपेला वर्षभरासाठी मासेमारीचा पास रद्द. नानांपुढे कुणाची डाळ शिजत नसे. सख्ख्या मेव्हण्याचं जाळं उचलून नेताना त्यांनी मागे वळूनही पाहिलं नव्हतं. मला ते सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवत आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. फक्त संध्याकाळी मैनाबाई मला घाटावर नेत आणि वाळू-चिंचेने घासघासून लख्ख करत. पाहुणे विचारत, "सोन्याचं हाय का?" खरं सांगू? मला ते फार आवडायचं. बंधाऱ्यात मासा टिकला तो या कड्यामुळे, असं लोक म्हणत आणि मी आणखी चमकायचं.

अशी किती वर्षं गेली कोण जाणे. मग यंदाचा हंगाम आला आणि सलाउद्दीनच्या टोपलीतले मासे माझ्यातून पार जाऊ लागले.

सलाउद्दीन हा गरीब स्वभावाचा माणूस. बारका मासा जाळ्यात आला तर कुणी बघो न बघो, तो स्वतःच सोडून द्यायचा. तरी हंगामाच्या सुरुवातीलाच त्याचं जाळं जप्त झालं. पंधरवड्याने ते परत मिळालं, आणि थोड्याच दिवसांत नानांनी त्याच्या टोपलीतला एक कटला मासा उचलून माझ्यातून घातला. कटला अंग चोरत चोरत पार गेला.

"सलाउद्दीन, दुसरी खेप हाय. पास काढ."

"अल्ला कसम नाना, बारका मासा मी टोपलीत ठेवतच नाय. परत एकदा बघा ना."

"कडं काय खोटं बोलतं का?"

सलाउद्दीनने खिशातून पास काढला. तो नानांपुढे धरला. वर्षभर पाणी बंद म्हणजे त्याला वीटभट्टीवर जावं लागणार होतं, आणि त्याच्या छातीला धूळ सोसत नव्हती. हे काठावर सगळ्यांना ठाऊक होतं. नानांनाही होतं. ते खाली बघत होते, पण हात पुढेच होता.

तेवढ्यात त्याची बायको गुलजारबी भाकरी घेऊन आली. ती बाजारात बांगड्या भरते, त्यामुळे बांगड्यांची पेटी तिच्या खांद्यालाच होती.

"नाना, जरा ते कडं द्या इकडं."

नाना घुटमळले.

"माझ्या माणसाचा पास घेताय, मला कडं तरी बघू द्या!"

तिने बोटं जुळवून माझ्यात घातली आणि मला हळूच फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी बांगडीसारखं हाताळलं. मला स्वप्नात असल्यासारखं वाटलं.

"कुणाच्या मापाचं हाय हे?"

"मैनाच्या."

"मैनाताईंना दर सणाला मीच बांगड्या भरते. त्यांचं माप दोन-चार. हे तर वाढून दोन-सहा झालंय, नाना."

तिने पेटीतून दोन-चारची हिरवी बांगडी काढून कटल्याच्या तोंडातून सरकवली. ती कल्ल्यांपर्यंत गेली आणि तिथेच अडकली. बांगडी ल्यालेला कटला टोपलीत पडून होता आणि काठावर कुणी हसत नव्हतं.

घाटावर भांडी घासणाऱ्या मैनाबाई ओल्या हातांनी उठून आल्या. "मीच घासलं वं रोज," त्या म्हणाल्या. "लख्ख दिसावं म्हणून." वाळूबरोबर माझं माप रोज थोडं थोडं वाहून गेलं होतं, आणि आम्ही सगळे माझ्या चमकण्यावर खूश होतो. मला फार वाईट वाटलं.

नानांनी सलाउद्दीनचा पास त्याला परत दिला. मग ते होडीपाशी गेले, स्वतःचं जाळं उचलून आणलं आणि त्याच्या पायाशी ठेवलं. खिशातून स्वतःचा पासही काढला.

"माझंच माप चुकलं. नियम समद्यांना सारखा. घे."

सलाउद्दीनने जाळं उचललं. पास मात्र त्याने नानांच्या खिशात परत सारला.

"तुमची पहिली खेप हाय, नाना. पहिल्या खेपेला नुसतं जाळं."

तेव्हा कुठे लोक हसले. नाना हसता हसता डोळे पुसत होते. त्यानंतर कितीतरी दिवस, ज्यांची जाळी आधी जप्त झाली होती त्यांच्या दारी ते माफी मागायला जात राहिले.

आता मासे काचेच्या बांगडीने मोजतात. ती फुटली की सगळ्यांना कळतं, आणि गुलजारबी पेटीतून दुसरी देते. मला मैनाबाईंनी काठच्या बाभळीच्या मुळीला बांधलंय, अर्धं पाण्यात. माझ्यावर हिरवा थर चढलाय. पिल्लं माझ्यातून जातात, परत येतात, पुन्हा जातात. त्यांना कुणी काही विचारत नाही. कधीकधी मैनाबाईंचा हात सवयीने वाळूकडे वळतो आणि मध्येच थांबतो.

मित्रांनो, लहान मासे पाण्यात राहू द्या. ज्या मापाने दुसऱ्याला दंड करता, ते कधीतरी गुलजारबीसारखीच्या हाती देऊन बघा. आणि या बंधाऱ्यावर आलात तर बाभळीच्या मुळीशी वाकून मला जरूर भेटा. फक्त मला घासू नका.