सरांचा कार्तिक

भालचंद्र सरांच्या मते जगात दोनच जाती: एक ते स्वतः आणि दुसरी गाढवांची. ग्वाल्हेरच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले, आणि गाढवं तेवढीच राहिली, पण समोर बाकांवर बसून मुकाट ऐकणारी उरली नाहीत. घरी बायको, सुनंदाबाई, ऐकत, पण मेथी निवडत ऐकत. मान हलवत, ती सरांच्या वाक्याला की मेथीच्या काडीला, हे कळायला मार्ग नव्हता. सरांना ते फार लागायचं. कुणीतरी नुसतं आपल्याकडे बघत बसावं आणि आपण बोलावं, एवढीच त्यांची भूक होती. ती मान्य करण्याइतका मोकळेपणा मात्र त्यांच्यात नव्हता.

म्हणून पुतणी यशश्रीने ‘रक्तपिपासू मंडळ’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढून काकांना त्यात घातलं, तेव्हा त्यांनी आधी नाक मुरडलं आणि मग लगेच चष्मा पुसला.

मंडळाचा उद्योग असा. टोपी बाजारातल्या एका रद्दीवाल्याकडे यशश्रीला ‘तळघरातला पाहुणा’ नावाची शंभरेक वर्षांपूर्वीची कादंबरी मिळाली. ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या कुणा शाळामास्तराने लिहिलेली, रक्त पिणाऱ्या पिशाच्चाची. एके काळी ती घरोघर चोरून वाचली जायची, पुढे सगळे विसरले. पानं सुटी झालेली, आकड्यांचे कोपरे वाळवीने खाल्लेले. पण कादंबरी सगळी पत्रांची होती आणि प्रत्येक पत्रावर तिथी होती.

“काका, ज्या तिथीचं पत्र, त्याच शामला ग्रुपवर टाकायचं. सगळे सोबत वाचणार. मजा येईल ना? बस, तिथ्यांच्या तारखा तुम्ही काढून द्या.”

सरांनी आयुष्यात पंचांग उघडलं नव्हतं. ते भटांचं आणि बायकांचं काम. त्यांनी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढलं. नया बाजारातल्या किराणावाल्याने दिवाळीला वाटलेलं, हिंदी, गणपतीच्या चित्राचं. त्यावरून त्यांनी दुपारभरात पत्रं लावली आणि तारखा लिहून मोकळे झाले.

“एकदा मला दाखवा हं,” सुनंदाबाई म्हणाल्या.

“त्यात तुला काय दाखवायचं? आकडे आहेत, चकल्या नव्हेत.”

झालं. इथेच माशी शिंकली. ग्वाल्हेरातल्या मराठी घरात नवी सून आली की सासू तिला पहिली गोष्ट हीच शिकवते, की शेजारच्या हिंदी घरांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. शेजारणीचा करवा चौथ कार्तिकात असतो, तेव्हा आपल्याकडे अजून आश्विनच चालू असतो. शुद्ध पक्ष दोघींचा एकच, पण त्याच नावाचा वद्य पक्ष त्यांच्याकडे महिनाभर आधी. हे कुठल्याही सुनेला कळतं. सरांना कळलं नाही, कारण ते कुणाची सून नव्हते.

तेव्हा मास्तरांच्या मराठी कादंबरीतला कार्तिक वद्य सरांच्या यादीत कार्तिक शुद्धाच्या आधी येऊन बसला. कोजागरी झाली आणि दुसऱ्या संध्याकाळी पहिलं पत्र आलं: “पाहुण्याने काल पुन्हा विजयाबाईंच्या खोलीचे दार ठोठावले.” कोण पाहुणा, कोण विजयाबाई, कशाचा पत्ता नाही. पुढे विजयाबाई पांढऱ्याफटक पडत गेल्या आणि ऐन दिवाळीत वारल्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आलेल्या पत्रात घरची माणसं मशाल घेऊन तळघर खणत होती.

“दिवाळीच्या दिवशी या घरात एक पणती नाही,” सरांनी ग्रुपवर लिहिलं. “लेखकाला सणांचंही भान नसावं! आणि असल्या लिखाणाला आपण अभिजात म्हणतो.”

मंडळातली माणसं तशी टवाळी करण्याजोगीच होती. बँकेतून निवृत्त झालेले मुकुंदराव स्वतःला ‘वरिष्ठ वटवाघूळ’ म्हणवत आणि रोज लसणाचं चित्र टाकत. मुली काळी ओढणी घेऊन फोटो काढत. एकीने ‘भाई, क्या एंट्री है’ असं लिहिलं, तेही पाहुणा आधीच चार पत्रांत येऊन गेल्यावर. सर प्रत्येकाला झाडत. मुकुंदरावांच्या एका वाक्यात त्यांनी इतक्या चुका काढल्या, की ते दोन दिवस लसूण टाकायचे विसरले.

पाडव्यानंतर मात्र ग्रुप शांत झाला. पत्र यायचं, सर त्याच्या चिंध्या करायचे, आणि खाली लोक हात जोडायचे. ‘वाह सर’, ‘क्या बात सर’, बस. वाद नाही, थट्टा नाही, लसूण नाही. सरांना वाटलं, गाढवांना अखेर गवत आणि ग्रंथ यांतला फरक कळला. ते रोज संध्याकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून फोन घेऊन बसू लागले. बऱ्याच वर्षांनी त्यांना झोप चांगली लागायला लागली. पलीकडच्या खोलीत सुनंदाबाई फोनमध्ये बघून हसायच्या, कधी डोळे पुसायच्या. सरांनी एकदाही विचारलं नाही.

यादीप्रमाणे कादंबरी दत्तजयंतीला संपली. शेवटचं पत्र म्हणजे वैद्यबुवांना घरातल्या दुसऱ्या आजारी सुनेची प्रकृती बघायला येण्याचं आमंत्रण. सर खदखदून हसले. यशश्रीने कळवलं, अमावास्येला नई सडकवरच्या हॉलमध्ये सगळे जमतील आणि काका बोलतील. मधे पंधरा दिवस होते. ते आपल्या तयारीसाठीच ठेवलेत, अशी सरांनी समजूत करून घेतली.

त्या संध्याकाळी हॉल भरला होता. सर उठले. समोर इतके चेहरे आपल्याकडे वळलेले बघून त्यांचा आवाज क्षणभर कापला, मग सुटला तो सुटलाच. “विजयाबाई मरतात, आणि पंधरा दिवसांनी पाहुण्याला पुरणपोळी वाढतात! पिशाच्चाचा नाश होतो, मग त्याच्यावर उपाय शोधायला वैद्य बोलावतात! या मास्तराला गोष्ट सांगता येत नव्हती. आणि तुम्हाला ती वाचता येत नाही, नाहीतर एकाने तरी विचारलं असतं.”

मुकुंदराव सतरंजीचा दोरा ओढत बसले होते.

तेवढ्यात फोन वाजले. खिशांतून, पर्सांतून, एकाच वेळी. सगळ्यांचे. सरांचा टेबलावर होता, तो वाजला नाही.

“काय आलं?” सरांनी विचारलं.

यशश्री लालबुंद झाली. “काका, ते... शेवटचं पत्र आहे. आज मार्गशीर्ष अमावस ना, आपली वाली. मतलब, आम्ही पाडव्यापासून दुसऱ्या ग्रुपवर बराबर क्रमाने वाचतोय. तुमचं कॅलेंडर हिंदी होतं. तुम्हाला बुरा वाटेल म्हणून कोणी बोललं नाही.”

“कुणी काढला तो ग्रुप?”

“मी,” सुनंदाबाई शेवटच्या रांगेतून म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर मेथी नव्हती. “दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं माझ्या. घरात आश्विन चालू, आणि तुमच्या यादीत कार्तिक.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं, तर तुम्ही पंचांग चुकलंय म्हणाला असता. मग आम्हाला वाचता आलं नसतं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना बरं वाटलं असतं.

“म्हणजे मी रोज जे लिहीत होतो ते...”

“वाचायचो की सर,” मुकुंदराव घाईने म्हणाले. “पाळीच लावली होती. रोज दोघांनी हात जोडायचे. तुमच्या मनाला लागू नये म्हणून.”

सरांना तिरस्कार ओळखता येत होता. तो त्यांच्या घरचाच होता. पण ही कीव होती. दीड महिना ही लसूणवाली माणसं पाळी लावून त्यांची समजूत घालत होती, जशी म्हाताऱ्या आजारी माणसाची घालतात.

“काका, ॲड करू तुम्हाला?”

“नको.”

ते खाली बसले. यशश्रीने सुनंदाबाईंना पुढे बोलावलं. शेवटचं पत्र त्यांनीच वाचायचं, हे बहुधा आधी ठरलेलं होतं. त्या फोन लांब धरून वाचू लागल्या. विजयाबाईंच्या नवऱ्याचं पत्र होतं ते. तळघर लिंपून घेतल्यावर त्याने मेलेल्या बायकोला लिहिलेलं, की तू मला कितीदा सांगत होतीस आणि मी कधी ऐकलं नाही. हेच पत्र सरांनी महिन्यापूर्वी भडक म्हणून मोडीत काढलं होतं. सुनंदाबाईंचा आवाज असा भरतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पाहुणा कसा आला, विजयाबाईंना आधी कसली शंका आली, त्या कुणाकुणाला सांगत फिरल्या, ते त्यांनी मनात जुळवून पाहिलं. नीट जुळेना, आणि शेजारच्याला विचारणं जमण्यासारखं नव्हतं.

वाचन संपलं. मुकुंदराव उघड रडत होते. मग सगळे एकदम बोलायला लागले, सुनंदाबाईंभोवती गोळा झाले, कुणी चहाचं बघायला धावलं. सरांना दोन वाक्यं सुचली होती, आणि या वेळी ती खरोखर चांगली होती. ते बराच वेळ थांबले. सरांना काय वाटतं, हे बघायला कुणीही वळलं नाही.