तळाशी बारा वर्षं

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी कडी आहे. दाराची नव्हे बरं का, जहाजाच्या साखळीतली. माझं वजन पस्तीस किलो, आणि थकवा त्याहून जास्त.

माझा जन्म समुद्रापासून लांब, आपल्या संभाजीनगरच्या चिकलठाण्यात झाला. लालभडक सळई वाकवून, टोकं जोडून मला घडवलं आणि शेकडो बहिणींत ओवलं. मग ट्रकनं बंदर, आणि तिथून थेट समुद्राचा तळ. वर तेलाचं भलंमोठं जहाज. त्याला जागचं हलू द्यायचं नाही हेच आमचं काम, असं तुम्हाला वाटेल. पण जहाज अगदी घट्ट बांधलं, तर मोठी लाट एका हिसक्यात साखळी तोडते. म्हणून साखळी लांब आणि जड ठेवतात, निम्मी तळावर सैल पडलेली. वादळात जहाज ओढू लागलं की आम्ही एकेक करून उठायचो, हिसका अंगावर वाटून घ्यायचो आणि पुन्हा खाली बसायचो. उठा, बसा. उठा, बसा. बारा वर्षं. त्यात तीन चक्रीवादळं काढली. जहाज सुटलं नाही म्हणून खलाशांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. तळापर्यंत काही ऐकू आलं नाही.

मग आम्हाला तपासणीसाठी परत इथंच, चिकलठाण्याच्या कारखान्यात आणलं. पावसाळ्याआधी तीच साखळी दुसऱ्या जहाजाला लावायची होती. त्यावर बावीस खलाशी. आमचे शिंपले खरवडले, काळा रंग फासला. अंग ठणकत होतं, पण दिसत होते नवीकोरी.

तपासणी अक्षदाकडे होती. नवीन इंजिनिअर, कामाला चोख. तिनं जाडी मोजायचा कॅलिपर माझ्या सरळ भागाला लावला, कारण तिथं तो नीट बसतो. माप बरोबर भरलं. तिचे साहेब, अप्पाराव, खूश. त्यांचा हिशेब तर ऐकाच! साखळी शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या वादळासाठी बनवलेली, त्यातली बारा गेली, अठ्ठ्याऐंशी उरली. तसं वादळ उद्यासुद्धा येऊ शकतं सर, असं अक्षदा म्हणाली. पण माप तर बरोबर होतं. सोमवारी साखळी पास झाल्याची सही व्हायची होती.

शनिवारी तिचे आजोबा, सोनाजी आबा, खुलताबादहून आले. सारा जन्म मेंढरांमागं गेलेला. गारखेड्यातल्या दवाखान्यात डोळा दाखवून झाला होता, आता अक्षदाची सुट्टी होईपर्यंत कारखान्याच्या यार्डात माझ्याशेजारी टेकले. ऑपरेशनच्या काळ्या चष्म्यातून धड दिसत नव्हतं, म्हणून मला हातानंच चाचपू लागले. माझ्या आतल्या वळणावर, जिथं शेजारची कडी बसते तिथं, त्यांचं बोट थांबलं.

"अक्षे, हिला कुठं मोजलं गं तू?"

"मधी, आबा."

"मधी कशाला? घोडीचा दोर मधी तुटतो व्हय? खुंटीला घासतो तिथं तुटतो. हितं हात लाव. लई खळगा पडलाय."

अक्षदाचं तोंड उतरलं. तिनं तिथं कॅलिपर लावला. शहात्तर मिलिमीटरचं माझं अंग सहासष्टच उरलं होतं.

अप्पाराव चिडले. आता साखळ्या आबांना विचारून पास करायच्या का, असा टोमणा मारला. तरी अक्षदा म्हणाली, "सर, माप मीच चुकीच्या जागी घेतलं. तसं लिहून देते. पण सहीआधी एक कडी ओढून बघू."

सोमवारी सकाळी मला यंत्रात अडकवलं. खरं सांगू? मला तुटायचं नव्हतं. तीन वादळं सोसलेली मी, शेवटी लाज का घालवू? पण टिकले असते, तर त्या बावीस जणांचा भार अख्ख्या साखळीवर पडला असता, आणि माझ्या बहिणीही आतून माझ्याइतक्याच झिजलेल्या. चारशे टन सोसायला हवे होते. तीनशे दहाला मी तुटले, बरोबर त्या खळग्यात.

अप्पाराव जवळ आले, माझ्या तुटलेल्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"अख्खी साखळी रद्द," ते म्हणाले. "आणि अक्षदा, आबांना परत घेऊन ये. चहाला."

मित्रांनो, आता मी दोन तुकडे होऊन भंगारात पडलेय. उद्या भट्टी. बरंच आहे, लई थकलेय. त्या जहाजाला नवी साखळी गेली. तिच्यातही एक कोवळी कडी असेल, उठणारी, बसणारी. तिला दरवर्षी वर काढा, रंग खरवडा आणि आतून बोट फिरवा. झिजली तरी ती स्वतःहून सांगायची नाही. मीही बारा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.