फायदे डावीकडे, तोटे उजवीकडे

मास्तर काहीही घ्यायचे ते कागदाच्या मधोमध रेघ मारून. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. लग्नाआधी मास्तरीणबाईंच्या नावाचाही असा कागद झाला होता. फायदे तीन, तोटे नऊ. "तरी केलं," हे ते चाळीस वर्षं मोठ्या ऐटीत सांगत आले.

आताचा कागद इलेक्ट्रिक गाडीचा होता, आणि बाईंचा जीव टांगणीला लागला होता. मास्तरांच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते. सोमवार, बुधवार, शनिवार डायलिसिस, आणि रुग्णालय चौऱ्याऐंशी किलोमीटरवर. जुनी डिझेल गाडी बाईच चालवायच्या. येताना तिच्या वासाने मास्तरांना उलट्या व्हायच्या, सुया टोचलेल्या हाताला प्रत्येक खड्डा कळायचा. गेल्या शनिवारी ते उठलेच नाहीत. "तो रस्ता नको," एवढंच म्हणाले. सोमवारी पाय सुजून खांब झाले, श्वास लागला, तेव्हा कुठे रुग्णालयात गेले.

डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेतलं. "असे आणखी दोन-तीन चुकले, तर पुढचं माझ्या हातात नाही."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. बाईंच्या काडीला चार चाकं होती एवढंच.

मास्तर मात्र उजवी बाजू भरत गेले. "तीनशे किलोमीटर म्हणतात, चढावर दोनशे जाईल. वाटेत चार्जर एकच, तोही बंद असला तर? आणि बॅटरीची हमी आठ वर्षांची. मी काय करू आठ वर्षांचं?"

"ते फायद्यात लिहा!" बाई कडाडल्या.

त्यांनी ते तोट्यांत लिहिलं.

शोरूमवालीच्या हातापाया पडून बाईंनी बुधवारी टेस्ट ड्राइव्ह थेट रुग्णालयापर्यंत मागून घेतली. ती बिचारी दिवसभर सोबत राहिली. येताना चढ लागला तरी गाडीचं हूं की चूं नाही. मास्तरांच्या मांडीवरची उलटीची पिशवी कोरडी राहिली. ते झोपले, चक्क घोरले. बाईंना रडू आवरेना.

घरी आल्यावर मास्तरांनी कागद मागून घेतला, डावीकडे बरंच काही लिहिलं आणि बाईंपुढे सरकवला. "घे ही गाडी."

बाईंनी वाचलं. क्लच नाही, तुझ्या गुडघ्याला बरं. आवाज नाही, तुझं डोकं दुखणार नाही. देखभाल कमी, एकटीला झेपेल. बॅटरी आठ वर्षं, तुला पुरेल.

"यात तुम्ही कुठे आहात?"

"मी दमलोय गं. झोप छान लागली, खोटं कशाला बोलू? पण गाडी बदलली तरी सुई तीच. तिथे चार तास मलाच पडायचंय."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. इतके दिवस त्या रस्त्याला शिव्या देत बसल्या होत्या. आता कुणाला द्यायच्या?

त्यांनी मास्तरांच्या समोरच शोरूमला फोन लावला.

"गाडी घेतेय मी. नवी येईपर्यंत आजचीच द्या, पण शनिवारी पहाटे सहाला दारात हवी. हो, चौऱ्याऐंशी जायचे, चौऱ्याऐंशी यायचे." त्या मास्तरांकडे बघत होत्या. मास्तर खिडकीकडे.

"दोन माणसं आहोत," त्या म्हणाल्या. पलीकडून कुणी काही विचारलं नव्हतं, तरी त्यांनी पुन्हा सांगितलं. "दोन."